चौथ्या जागी शिवलेलं नववं प्रकरण

मित्रांनो, माझ्या पाठीवर विटक्या लाल रंगाचं कापड आहे, एका कोपऱ्याला वाळवीने घेतलेला चावा आहे आणि पोटात बारा प्रकरणं आहेत. त्यांतलं एक भलत्याच जागी शिवलेलं आहे. होय, मी एक जुना खंड आहे. 'उजानगड' या अद्भुत कादंबरीमालेचा पहिला खंड, मुक्काम बंगालमधलं चंदननगर, बांधव पाठागार नावाचं वाचनालय, खिडकीजवळचं कपाट. आणि आधीच सांगून ठेवतो, या गावात मला दगाबाज म्हणतात. आधी ऐकून तरी घ्या, मग तुम्हीच ठरवा दगा कुणी दिला ते!

मी जन्मलो तेव्हा एक नव्हतोच, बारा होतो. दर पंधरवड्याला सोळा पानांची एक पातळ पुस्तिका निघायची, एका पुस्तिकेत एक प्रकरण. वर रंगीत वेष्टन आणि त्यावर हा एवढा मोठा आकडा. आत मात्र आकडा नाहीच! प्रकरणाचं नाव, नावेचं एक चित्र, की लगेच गोष्ट सुरू. पानांचे आकडेही प्रत्येक पुस्तिकेत पुन्हा एकपासून. पाठागाराचे ग्रंथपाल निताईबाबू तेव्हा काळ्याभोर केसांचे होते. त्यांनी बारा पुस्तिका नीट क्रमाने लावल्या, सुतळीने बांधल्या आणि गोविंद बाइंडरकडे दिल्या.

गोविंदची कामाची पद्धत ठरलेली होती. तो आधी वेष्टनं फाडायचा. कारण स्टेशनवरच्या चुरमुरेवाल्याला पिशव्या करायला रंगीत कागद आवडायचा. वेष्टनं गेली आणि त्यांच्याबरोबर आकडेही गेले. मग सुतळी सुटली, आणि बाराही जण फरशीवर पसरलो.

"आता रे?" गोविंदने डोकं खाजवलं. मग त्याने चित्रं पाहिली. "हां! नाव आधी लहान दिसते, मग मोठी, मग आणखी मोठी. म्हणजे जवळ जवळ येतेय. पोरांचं पुस्तक, त्यात काय एवढं!"

त्याने नावेच्या आकाराप्रमाणे आम्हाला लावलं, आणि नशीब बघा, अकरा जणांचा क्रम बरोबर आला! चुकलं ते फक्त नववं प्रकरण. त्याचं नाव 'धुक्यातला घाट'. धुकं म्हणून चित्रकाराने नाव पुसट, लहानशी काढली होती. गोविंदने ते उचलून चौथ्या जागी घातलं आणि दाभण खुपसलं. मला तेव्हाच टोचलं, मित्रांनो. पण पुस्तकाला ओरडता येत नाही.

पुढे माझी चांगली वर्षं आली. काय सांगू तुम्हाला! मला घरी न्यायला आधी नाव नोंदवावं लागायचं. मुलं मला भात जेवताना वाचायची, माझ्या एका पानावर अजून हिलसा माशाच्या कालवणाचा डाग आहे. माझ्यामागून आणखी तीन खंड आले आणि मग लेखक पाचवा न लिहिताच वारले. उजानगडचा सातवा दरवाजा बंदच राहिला. तो कोण उघडणार, हे कुणालाच कळलं नाही.

म्हणून गाव अंदाज बांधू लागलं. दरवर्षी जगद्धात्री पूजेच्या षष्ठीला दुपारी पाठागाराच्या अंगणात अंदाजसभा भरते. कुणी म्हणतं दरवाजा राजकन्या चारुलेखा उघडणार, कुणी म्हणतं तिचा आंधळा मामा. नियम एकच. आपल्या हातातल्या पुस्तकातून पुरावा वाचून दाखवायचा. नाही दाखवला तर सगळं अंगण ओरडतं, "पुस्तकात दाखव! पुस्तकात दाखव!" जिंकणाऱ्याचा अंदाज निताईबाबू लाल वहीत आपल्या सुंदर अक्षरात उतरवून घेतात. शाळेतल्या मुलाचा किंवा मुलीचा अंदाज त्या वहीत आजवर गेलेला नाही.

आणि मग माझ्या आयुष्यात मौटुशी आली!

मौटुशी नंदी, इयत्ता नववी. तिचे वडील बिशू नंदी पूजेच्या रोषणाईचे कारागीर. हजारो दिव्यांतून मोर नाचवायचे, आगगाडी पळवायची, हा त्यांचा धंदा. तिची मैत्रीण पौलमी, बालवाडीपासूनची. आधी मौटुशी पौलमीच्या वेणीमागे लपून बोलायची. पण त्या वर्षी काय झालं कुणास ठाऊक, तिचा आवाज मोकळा झाला, हसू मोठं झालं आणि हात सारखे हवेत उडू लागले. दोघी मला घेऊन पाठागाराच्या जिन्यात बसायच्या. वाचून संपलं की पुन्हा पहिल्यापासून. पाचव्या वेळी चौथ्या प्रकरणात मौटुशी एकदम थांबली.

"पौली, थांब थांब! रतनच्या डाव्या हाताला पट्टी कशी?"

रतन म्हणजे उजानगडचा नावाडी.

"मग? भाजला ना त्याचा हात," पौलमी शेंगदाणे सोलत म्हणाली.

"अगं, भाजतो तो पुढे! पहिला दरवाजा जळतो तेव्हा! इथे आधीच पट्टी? आणि हे बघ, तो हिला चारुलेखा म्हणून हाक मारतो. हिने नाव कुठे सांगितलंय अजून?"

"लेखक विसरले असतील."

"एवढा मोठा लेखक हात विसरेल?"

पौलमी हसली. "मग काय, रतनने उद्या हात भाजून घेतला आणि आज पट्टी बांधली?"

मौटुशीने शेंगदाण्यांची पुडीच उलथवली. "पौली! पौली, तू काय बोललीस तुला कळलं का? रतन उलटा जगतो! त्याचा उद्या होऊन गेलाय! म्हणजे सातवा दरवाजा त्याने कधीच उघडलाय गं, फक्त आपल्याला अजून कळायचंय!"

मित्रांनो, माझ्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांत माझ्यावर कुणी असा विचार केला नव्हता. आणि तो सगळा डोलारा उभा होता गोविंदच्या एका दाभणावर!

त्यानंतर दोघींनी माझे समास भरून काढले. मौटुशीची पेन्सिल ठळक, पौलमीची बारीक आणि पुसट. 'इथेही बघ', 'हो, आणि पान चार', 'रतन पाण्यात स्वतःकडे का बघत नाही?' वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये हे मला माहीत आहे. पण खरं सांगतो, मला गुदगुल्या व्हायच्या.

हळूहळू गल्लीभर झालं. मिठाईच्या दुकानात, नळावर, शाळेच्या फाटकात, जिथे तिथे मौटुशी सांगत सुटली. आधी ती म्हणायची "आमचा अंदाज". मग कधीतरी "माझा अंदाज" म्हणू लागली. कधीपासून, ते तिलाही कळलं नसावं. पौलमी शेजारी तिची छत्री धरून उभी असायची.

तिच्या बाबांना तर अंदाज एवढा आवडला, की ते म्हणाले (आमच्याकडे लेकींना लाडाने 'मा' म्हणतात), "मा, यंदा आपल्या गल्लीच्या तोंडावर मी उलटी जाणारी नाव करतो. रतन पुढे वल्हवेल आणि नाव मागे जाईल. बघच तू!"

"खरंच, बाबा?"

"खरंच म्हणजे? पूजा संपल्यावर बांबू बांधू की काय?"

त्याच आठवड्यात, अजून बांबूही आले नव्हते तेव्हा, पौलमी एकटी पाठागारात आली. तिच्या मासीने, म्हणजे मावशीने, वाढदिवसाला 'उजानगड'ची नवी आवृत्ती पाठवली होती. चारही खंड एकत्र, गुळगुळीत कागद, आणि प्रत्येक प्रकरणावर आकडा. तिने मला टेबलावर ठेवलं, नवीन पुस्तक शेजारी ठेवलं. एकदा त्यात बघितलं, एकदा माझ्यात. 'धुक्यातला घाट' तिथे नववं होतं.

तिने तोंडावर हात ठेवला. मग पेन्सिल काढून माझ्या समासात, त्याच प्रकरणाच्या पहिल्या पानावर, जोर देऊन लिहिलं: 'मौ, हे प्रकरण इथलं नाही. हे नववं आहे. सभेत बोलू नकोस.'

मला किती हलकं वाटलं! इतक्या वर्षांचं टोचणं कुणीतरी बोलून दाखवलं होतं.

तेवढ्यात खिडकीबाहेरून मौटुशीचा आवाज आला. ती शेजारच्या काकूंना सांगत होती, "जिन्यात बसले होते काकू, आणि एकदम मला सुचलं! एकदम! कुणाशी काही बोलणं नाही, काही नाही!"

पौलमीने खिडकीकडे पाहिलं. मग तिने दप्तरातून खोडरबर काढला आणि आपली ओळ खोडली. शांतपणे, एकेक अक्षर. चुरा फुंकला, मला मिटलं, कपाटात जागेवर नीट ठेवलं. इतकं नीट तिने मला कधीच ठेवलं नव्हतं.

षष्ठीला अंगण गच्च भरलं. मौटुशी पिवळी साडी नेसून आली, बहुधा आईची. मला छातीशी धरून ती मंचावर चढली आणि काय बोलली म्हणून सांगू! पट्टी दाखवली, नावाची हाक दाखवली, पाण्यातलं न दिसणारं प्रतिबिंब दाखवलं. "पुस्तकात दाखव!" अशी आरोळी उठायच्या आधीच ती पान उलटून वाचायची. शेवटी म्हणाली, "सातवा दरवाजा उघडायचा राहिला नाही. तो उघडून रतन आपल्याकडे परत येतोय. म्हणून त्याची नाव उलटी!" टाळ्या थांबेनात. निताई ज्येठूंनी (मुलं आता त्यांना ज्येठू, म्हणजे मोठे काका, म्हणतात, केस पांढरे झालेत ना) लाल वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. पहिल्या रांगेत पौलमीही टाळ्या वाजवत होती. मी पाहिलं.

तेवढ्यात परीक्षक अमिय सर उठले. भूगोल शिकवतात, बोलणं हळू. त्यांच्या हातात ती गुळगुळीत नवी आवृत्ती.

"मा, फार सुंदर बोललीस. पण तुझ्या पुस्तकात 'धुक्यातला घाट' कितवं आहे?"

"चौथं, सर."

"इथे नववं आहे. म्हणजे हात आधी भाजतो, पट्टी नंतर येते. नावही तोवर त्याला कळलेलं असतं." सर ओशाळून थांबले. "नावाडी उलटा जगत नाही गं. तुझं पुस्तक चुकीचं शिवलंय."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "पुस्तकात दाखव!" आणि अंगण फुटलं. हसू, शिट्ट्या. "ए, उलट्या पुस्तकाची उलटी पोरगी!" "अगं, उद्याच हरलीस की काय?"

मौटुशीने मला उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. माझ्याकडे जे बघितलं ना तिने, ते मी विसरणार नाही. मला मंचावर तसंच टाकून ती खाली उतरली. ज्येठूंनी पेनाचं टोपण लावलं आणि मला बगलेत घेऊन तिच्या मागे निघाले.

बाहेर दिवेलागण झाली होती. गल्लीच्या तोंडावर बिशू नंदींनी खटका दाबला आणि हजार दिव्यांचा रतन उजळला. तो वल्हवत होता पुढे आणि नाव जात होती मागे. सभेतून येणारा प्रत्येक माणूस वर बघून हसत होता. बिशूंना काही कळेना. कुणीतरी त्यांच्या कानाशी लागलं. त्यांनी लेकीकडे पाहिलं, शिडी लावली, वर चढले आणि दोन तारा इकडच्या तिकडे केल्या.

"झालं, मा," वरूनच म्हणाले. "बघ, सरळ चालली."

नाव सरळ चालू लागली, इतर गल्ल्यांतल्या शंभर नावांसारखी. आता तिच्याकडे कुणी बघेना. मंचावर न रडलेली मौटुशी तेव्हा रडली. पौलमीने तिला जवळ घेतलं.

"तुझ्या मासीचं पुस्तक आलं होतं ना गं?" मौटुशीने हुंदक्यात विचारलं. "तू पाहिलं नाहीस?"

"शपथ! मी तर त्याचं प्लास्टिकही काढलं नव्हतं," पौलमी म्हणाली. "त्या दगाबाज पुस्तकाचं नावही काढू नकोस."

ज्येठूंच्या बगलेत माझी सगळी पानं आवळली गेली. दगाबाज मी? मी!

पूजा संपली. मुलं मला 'उलटं पुस्तक' म्हणू लागली, मग न्यायचीच बंद झाली. ज्येठूंनी मला रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवलं, पुन्हा उचललं. शेवटी ठरवलं की गोविंदच्या मुलाकडून मला उसवून नीट शिवून घ्यायचं. पण त्याआधी समास साफ हवेत. त्यांनी मौटुशीला बोलावलं.

"लिहिलंस तू. खोडायचंही तूच."

ती आली. खोडरबर घेऊन बसली आणि पहिल्या प्रकरणापासून सुरुवात केली. आपलं ठळक अक्षर, पौलीचं बारीक अक्षर, दोन्ही खोडत ती चौथ्याच्या पहिल्या पानाशी आली आणि थांबली. तिथे आधीच कुणीतरी खोडलेलं होतं. तिने तर आजवर काहीच खोडलं नव्हतं.

तिने मला खिडकीशी नेलं, पान तिरकं धरलं. पौलमीने जोर देऊन लिहिलं होतं ना! शिसं गेलं होतं, पण खाचा माझ्या अंगावर होत्या. मौटुशीने पेन्सिल आडवी धरली आणि हलक्या हाताने फिरवली. करड्या पट्ट्यात पांढरी अक्षरं उमटली. मौ, हे प्रकरण इथलं नाही.

मित्रांनो, मला वाटलं होतं मी सुटल्याचा आनंद होईल. झाला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिने पौलमीला त्याच जिन्यात बसवलं आणि मला उघडून तिच्या मांडीवर ठेवलं. पौलमीने पाहिलं. तिचे कान लाल झाले.

"अंदाज माझाही होता," ती शेवटी म्हणाली. "आधी मीच बोलले होते. तू सगळीकडे माझा माझा करत फिरलीस. त्या दिवशी काकूंना म्हणालीस, कुणाशी काही बोलणं नाही, काही नाही. मी इथे आत बसले होते, मौ!"

मौटुशीने मान खाली घातली. मग म्हणाली, "हो. ते मी केलं. ते घाणेरडं केलं." जरा थांबून, "पण मग येऊन दोन थोबाडीत द्यायच्या होत्यास. सगळ्यांसमोर भांडायचं होतंस. तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यास, पौली. बाबांनी बांबू बांधले तेव्हा सुतळी धरायला तू होतीस."

"सांगणार होते गं..."

"तू काहीच लिहिलं नसतंस ना, तर मी म्हटलं असतं, हिला ठाऊक नव्हतं. पण तू लिहिलंस. आणि मग बसून खोडलंस."

पौलमी उठली, मला पायरीवर ठेवलं आणि निघून गेली. दोघींपैकी कुणीच हाक मारली नाही.

मौटुशी मला घेऊन ज्येठूंच्या टेबलाशी गेली. "ज्येठू, याला उसवू नका."

"अगं, चुकीचं आहे ते."

"असू दे. दोष त्याचा नाही. मला तुमचं शाईचं पेन द्या."

शाईने? वाचनालयाच्या पुस्तकात? ज्येठूंच्या भुवया पांढऱ्या केसांपर्यंत गेल्या. पण त्यांनी लाल वहीचं पेन काढलं आणि तिच्या हातात दिलं. माझ्या पहिल्या कोऱ्या पानावर तिने लिहिलं:

'या प्रतीतलं चौथं प्रकरण खरं तर नववं आहे. वाचणाऱ्याने आधीच ध्यानात घ्यावं. रतन नावाडी उलटा जगतो, हा अंदाज पौलमी आणि मौटुशी यांचा. पुरावा चुकीचा निघाला. ज्याला ठाऊक होतं त्याने सांगितलं नाही.'

वाचून ज्येठू हळूच म्हणाले, "शेवटची ओळ राहू द्यायची?"

"राहू द्यायची."

त्या दोघी आता शाळेत वेगवेगळ्या रस्त्यांनी जातात. माघात एकदा पौलमी आली होती. तिने मला उघडलं, पहिलं पान वाचलं. दोन नावांतल्या पहिल्या, म्हणजे स्वतःच्या, नावावर तिचं बोट बराच वेळ होतं. मग तिने चौथं प्रकरण काढलं, करड्या पट्ट्यातलं आपलं अक्षर पाहिलं, मला मिटलं. घरी मात्र नेलं नाही.

मला आता पुन्हा वाचक आहेत. आधीच सावध केलेलं असूनही मुलं चौथ्या प्रकरणाशी थबकतात, आणि एखादा म्हणतोच, "पण काय भारी झालं असतं नाही, तो खरंच उलटा जगत असता तर!" तेव्हा माझी छाती फुगते आणि लगेच पौलमीच्या ओळीपाशी दुखते.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. आम्हा पुस्तकांची पानं दुमडू नका, जेवताना आम्हाला ताटाशी धरू नका, हे तर तुम्हाला बाई रोज सांगतात. मी वेगळं सांगतो. माझ्यात किंवा तुमच्या मैत्रिणीत काही चुकीचं शिवलेलं दिसलं, तर बोला. रागात असाल तर रागाने बोला, भांडून बोला, समासात लिहा, ज्येठू ओरडले तर ओरडू देत. पण एकदा लिहिलंत, तर खोडू नका. गोविंदच्या दाभणाची मला केव्हाच सवय झाली. ती खोडलेली ओळ मात्र अजून टोचते.